कन्फेशन्स (संत ऑगस्टीन) : ग्रंथ आणि त्याचे आधुनिक अनुवाद

कन्फेशन्स : संत ऑगस्टीन (३५४–४३०) याचा तेरा भागांचा लॅटिन आत्मनिवेदनपर ग्रंथ. मूळ नाव ‘कन्फेसिओनेस’. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो रेगिअस (आजचे अल्जीरियातील अन्नाबा) येथे बिशप झाल्यावर थोड्याच काळात, साधारण ३९७ ते ४०१ या वर्षांत, त्याने तो रचला. नावावरून वाचकाला पापांची कबुली तेवढी अपेक्षित असते. पण लॅटिन शब्दात ईश्वराची स्तुती आणि श्रद्धेची जाहीर ग्वाही हेही अर्थ आहेत आणि ग्रंथ या तिन्ही अंगांनी चालतो. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तो ईश्वराशी बोलणे आहे. वाचकाच्या कानावर ते पडते एवढेच. हे ध्यानात न घेता निव्वळ आत्मचरित्र म्हणून वाचायला बसलेला माणूस पहिल्या दहा पानांतच कंटाळतो, कारण तिथे हकिगत कमी आणि प्रार्थना जास्त आहे.

पहिल्या नऊ भागांत जन्मापासून वयाच्या तेहेतिसाव्या वर्षापर्यंतची कथा येते. जन्म रोमन आफ्रिकेतील थगास्ते (आजचे सूक अहरास) या गावी. वडील पॅट्रिशियस बेताच्या ऐपतीचे, मरणाच्या थोडे आधी ख्रिस्ती झालेले. आई मोनिका आधीपासूनच श्रद्धाळू ख्रिस्ती. मदौरा व कार्थेज येथे शिक्षण, एकोणिसाव्या वर्षी सिसेरोच्या ‘होर्टेन्सियस’ या आता लुप्त झालेल्या पुस्तकाने लावलेली ज्ञानाची ओढ, त्यानंतर सुमारे नऊ वर्षे मानीच्या पंथात. पोटासाठी वक्तृत्वशास्त्र शिकवत तो कार्थेजहून ३८३ मध्ये रोमला आणि ३८४ मध्ये मिलानला गेला. तिथे बिशप अँब्रोजची प्रवचने ऐकता ऐकता बायबलबद्दलचे त्याचे आक्षेप एकेक करून गळाले. ३८६ मध्ये मनाचा निर्णय झाला, ३८७ च्या ईस्टरला मुलगा अदेओदातुस आणि मित्र अलिपियस यांच्यासह बाप्तिस्मा झाला. त्याच वर्षी आफ्रिकेला परतीच्या वाटेवर, रोमजवळच्या ओस्तिया बंदरात, मोनिका वारली. कथाभाग तिथे थांबतो.

दुसऱ्या भागातली नासपतीची चोरी प्रसिद्ध आहे. पैशाअभावी शिक्षण खंडलेले, सोळा वर्षांचे पोर गावात मोकाट. रात्री उशिरा टोळक्याने शेजारच्या झाडाची फळे झोडपली आणि बहुतेक डुकरांपुढे टाकली. फळे ना दिसायला चांगली ना चवीला, घरी याहून सरस फळे होती. मग चोरी केली कशासाठी, हा प्रश्न ऑगस्टीन सोडत नाही. क्षुल्लक खोडीवर त्याने पानेच्या पाने खर्च केली म्हणून काही वाचक वैतागतात. मला तो भाग ग्रंथातला सर्वांत कठोर आणि सर्वांत प्रामाणिक वाटतो. एकटा असतो तर मी हे केलेच नसते, या शोधापाशी तो जेव्हा येतो तेव्हा गर्दीत केलेल्या प्रत्येक वाईट कृत्याचा हिशेब वाचकापुढेही उभा राहतो. तेवढीच प्रामाणिक, पण त्याहून अस्वस्थ करणारी जागा सहाव्या भागात आहे. जिच्याबरोबर तो अनेक वर्षे राहिला, जी त्याच्या मुलाची आई, तिला मोठ्या घरच्या लग्नासाठी आफ्रिकेला परत धाडण्यात आले. मुलगा बापाजवळ राहिला. त्या स्त्रीचे नाव तेरा भागांत एकदाही येत नाही. तिने पुढे दुसरा पुरुष न करण्याचा नेम घेतला आणि आपण मात्र वाग्दत्त वधू वयात येईपर्यंतही थांबू शकलो नाही, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. अनुवादकाची खरी परीक्षा या परिच्छेदात होते: जखमेची भाषा सौम्य केली की ऑगस्टीन सभ्य दिसतो, पण पुस्तक खोटे होते.

हा ग्रंथ अनुवादातून वाचणे ही नाइलाजाची, दुय्यम प्रतीची गोष्ट आहे, असे अनेकांना वाटते. ग्रंथाचीच साक्ष उलट आहे. ऑगस्टीनचे ग्रीक कच्चे होते. शाळेत छडीच्या धाकाने शिकवलेल्या होमरचा आपल्याला तिटकारा होता, असे तो पहिल्याच भागात सांगतो. हिब्रू त्याला येत नव्हते. सिसेरो सोडला तर त्याला घडवणारी बहुतेक पुस्तके त्याच्यापर्यंत भाषांतर होऊनच आली. ज्या नवप्लेटोवादी ग्रंथांनी त्याला ईश्वर देहरूपाने कल्पण्याच्या सवयीतून सोडवले ते मारिउस विक्टोरिनसने ग्रीकमधून लॅटिनमध्ये आणलेले होते. आणि आठव्या भागात या विक्टोरिनसच्याच धर्मांतराची गोष्ट त्याला ऐकवली जाते. बायबलही लॅटिन भाषांतरातले. सिसेरोच्या डौलदार गद्यानंतर त्या भाषांतराची भाषा त्याला इतकी ओबडधोबड वाटली की तरुणपणी त्याने ते बाजूला ठेवले. इजिप्तच्या वाळवंटातला तपस्वी अँटनी याचे अथानेशियसने ग्रीकमध्ये लिहिलेले चरित्रही पश्चिमेत लॅटिनमध्ये वाचले जात होते. ते वाचून त्रियर येथील दोन शाही अधिकाऱ्यांनी नोकरी सोडली, ही हकिगत पोंटिशियानस नावाच्या पाहुण्याने सांगितली आणि ऑगस्टीनला बसल्या जागी चैन पडेना. अकराव्या भागात तर तो म्हणतो की मोशे प्रत्यक्ष समोर येऊन हिब्रूत बोलला तरी आपल्याला काही कळणार नाही. सत्य ओळखणारे जे काही आहे ते आत आहे आणि त्याला कोणतीच एक भाषा लागत नाही. अनुवादाच्या बाजूने इतके मोठे विधान फार थोड्या लेखकांनी केले असेल.

पोंटिशियानस गेल्यानंतरचा बागेतला प्रसंग (८.१२) ग्रंथाचा कळस मानला जातो. अंजिराच्या झाडाखाली रडत पडलेल्या ऑगस्टीनला शेजारच्या घरातून एका मुलाचा की मुलीचा आवाज ऐकू येतो. उचलून वाचायला सांगणारे काहीतरी तो पुन:पुन्हा गात असतो. मुलांच्या कुठल्या खेळात असे शब्द असतात का, हे तो त्या अवस्थेतही आठवून पाहतो. मग परत येऊन पौलाच्या पत्रांचे पुस्तक उघडतो आणि नजर पडेल तो उतारा मनातल्या मनात वाचतो (रोमकरांस पत्र १३:१३–१४). पुढे वाचण्याची गरज उरत नाही. पानात बोट की दुसरी काही खूण ठेवून तो पुस्तक मिटतो आणि अलिपियसला सांगतो; अलिपियस तेच पान मागून घेऊन पुढची ओळ वाचतो आणि ती स्वतःला लावून घेतो. दोघे आत जाऊन आईला सांगतात. हा प्रसंग जसाच्या तसा घडला की साहित्यिक रचना आहे, यावर प्येर कूर्सेल यांच्या १९५० मधील संशोधनापासून अभ्यासकांत वाद आहे. पण पानात अडकवलेल्या बोटासारखा तपशील कल्पनेने सुचतो की स्मरणाने, याचा निर्णय वाचकाने स्वतः वाचूनच करावा.

दहाव्या भागापासून ग्रंथ वळतो. पुढे ‘रेत्राक्तातिओनेस’मध्ये ऑगस्टीनने स्वतःच विभागणी सांगितली: पहिले दहा भाग आपल्याविषयी, शेवटचे तीन पवित्र शास्त्राविषयी. दहाव्यात स्मृतीचा शोध आहे आणि मागोमाग बिशपपदावरच्या माणसाची चालू काळातली तपासणी आहे. जेवणाची चव, भजनाचा सूर, झोपेतली स्वप्ने यांत आपण अजून कुठे अडकतो, याची. अकरावा काळाच्या स्वरूपावर आहे. पाठ असलेले स्तोत्र म्हणताना त्यातले किती म्हणून झाले आणि किती उरले हे मनच धरून ठेवते, या साध्या अनुभवावर त्याने काळाची मीमांसा उभी केली. बाराव्या–तेराव्यात उत्पत्तीच्या आरंभीच्या ओळींचे विवरण आहे. काही संक्षिप्त आवृत्त्या नवव्या भागाशी थांबतात. तशी आवृत्ती घेऊ नये. दहावा आणि अकरावा भाग नसेल तर एका मोठ्या मनाचे अर्धेच दर्शन घडते. आधुनिक तत्त्वज्ञानावरही ग्रंथाची छाया आहे: विट्गेनश्टाइनचे १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’ पहिल्या भागातल्या, मूल बोलायला कसे शिकते याविषयीच्या उताऱ्यापासूनच सुरू होते.

लोकभाषांत ग्रंथ उतरल्यावर काय घडले याचे उत्तम उदाहरण स्पेनमधले आहे. सेबास्तियान तोस्कानो या पोर्तुगीज ऑगस्टिनियन भिक्षूचा स्पॅनिश अनुवाद १५५४ मध्ये सालामांका येथे छापला गेला. त्याच सुमारास आविलाच्या मठातली तेरेसा ‘कन्फेशन्स’ वाचू लागली. बागेतला आवाज आपल्यालाच आला असे वाटले, असे तिने आत्मकथेत नोंदवले आहे. इंग्रजीत टोबी मॅथ्यू (१६२०) या कॅथलिक अनुवादकाला प्रॉटेस्टंट विल्यम वॉट्स यांनी १६३१ मध्ये आपल्या अनुवादाने उत्तर दिले, तेव्हा भाषांतर हेही पंथांच्या भांडणाचे हत्यार होते. एडवर्ड पुसी यांचा १८३८ चा अनुवाद ऑक्सफर्ड चळवळीतून निघालेल्या ग्रंथमालेचा पहिला खंड. आज तो हक्कमुक्त असल्याने फुकट मिळतो आणि म्हणूनच सर्वाधिक लोकांच्या हाती पडतो. त्याची जुनी, बायबली वळणाची इंग्रजी अनेकांना वाटेतच थकवते.

विसाव्या शतकात फ्रँक शीड (१९४३) आणि आर. एस. पाइन-कॉफिन (१९६१) यांनी वाक्ये आजच्या वाचकासाठी मोकळी केली. हेन्री चॅडविक (१९९१) यांचा अनुवाद अभ्यासकाचा: तळटीपांत प्लोटिनसचे दुवे नेमके दाखवलेले, वाक्ये स्वच्छ, भावनेला थोडा लगाम. बेनेडिक्टाइन संन्यासिनी मारिया बोल्डिंग (१९९७) यांनी स्तोत्रांचा नाद जपला. रोज स्तोत्रे म्हणणाऱ्या व्यक्तीच्याच कानातून हे येऊ शकते. सारा रुडेन (२०१७) यांचा अनुवाद धाडसी आहे. ईश्वराला ‘लॉर्ड’ न म्हणता त्या ‘मास्टर’ म्हणतात, कारण मूळ लॅटिन संबोधन गुलामाच्या मालकालाही लावत असत. ऑगस्टीनच्या घरात गुलाम होते, हे ‘प्रभू’ म्हणताना विसरायला होते आणि ‘धनी’ म्हटले की आठवते. सलग वाचताना हे संबोधन कानाला खटकते खरे, पण ते खटकणे योग्य ठिकाणी आहे. मूळ लॅटिन आणि इंग्रजी समोरासमोर हवे असेल त्याने लोब मालेतील कॅरोलिन हॅमंड यांचे दोन खंड (२०१४, २०१६) पाहावेत. सखोल भाष्यासाठी जेम्स ओडॉनेल यांचे तीन खंड (१९९२) आजही आधारभूत आहेत.

संदर्भ शोधताना दोन गोष्टी माहीत हव्यात. ८.१२.२९ असा आकडा दिसला तर तो भाग, प्रकरण आणि परिच्छेद असा वाचायचा. प्रकरणे आणि परिच्छेद ऑगस्टीनचे नाहीत, ते छपाईच्या युगात घातले गेले. म्हणून प्रकरण संपले तिथे विचार संपला असे मानू नये. दुसरे, ऑगस्टीनच्या स्तोत्रांचा क्रम ग्रीक परंपरेचा आहे. काही अनुवाद तोच ठेवतात. मराठी बायबलमधील स्तोत्रसंहितेत तेविसावे असलेले स्तोत्र तिथे बाविसावे असते. मराठी बायबल जवळ ठेवून वाचणाऱ्याने बऱ्याच ठिकाणी एकाची भर घालावी.

ऑगस्टीनच्या नियमाने राहणारे भिक्षू १५७२ मध्ये गोव्यात आले. जुन्या गोव्यातील त्यांच्या पडक्या चर्चचा मनोरा आणि जवळच १६०६ मध्ये सुरू झालेले सांता मोनिका हे स्त्रियांचे मठगृह आजही उभे आहे. आईचे आणि मुलाचे नाव एकाच टेकडीवर आहे. मराठी वाचकाला या ग्रंथाची बोलण्याची रीत परकी वाटू नये. देवाला ‘तू’ म्हणून आपले आयुष्य त्याच्यापुढे मांडणे त्याने अभंगांत ऐकलेले असते; तुकोबांची शिष्या बहिणाबाई हिचे आत्मनिवेदनाचे अभंग तर सरळ चरित्रच सांगतात. एकोणिसाव्या शतकात बाबा पदमनजी यांनी ‘अरुणोदय’मध्ये आपल्या धर्मांतराची कथा मराठीत लिहिली. इंग्रजीतल्या जुन्या ‘दाऊ’ने जे अंतर पाडले ते मराठीच्या ‘तू’मध्ये नाही, ही आपली मोठी सोय आहे.

प्रथमच वाचणाऱ्याने बोल्डिंग यांचा अनुवाद घ्यावा, अकराव्या भागासाठी चॅडविक यांच्या टीपा शेजारी ठेवाव्यात आणि सहाव्या व आठव्या भागांची तुलना रुडेन यांच्याशी करावी. पहिला भाग मोठ्याने वाचावा. दिवसाला एका प्रकरणाहून अधिक वाचू नये.