‘सॉफ्ट’ म्हणजे दरवेळी मऊ नव्हे

लोहाऱ्यात आम्ही मुलांचे इंग्रजी निबंध तपासतो, तेव्हा उर्दू बोलणाऱ्या घरातल्या मुलांकडून एक वाक्य हमखास येतं : ‘माय फादर इज सॉफ्ट.’ मुलाला म्हणायचं असतं की अब्बा नरम मिजाजाचे आहेत. वाचणाऱ्याला वाटतं, माणूस लेचापेचा आहे! आपल्याकडे ‘नरम’ ही तारीफ. इंग्रजीत माणसाला नुसतं ‘सॉफ्ट’ म्हटलं की बहुतेकदा ती टीका होते. तिथे ‘जेंटल’, ‘काइंड’ किंवा ‘सॉफ्ट-हार्टेड’ लिहावं. ‘टू सॉफ्ट ऑन स्टुडंट्स’ असा शेरा आला तर शिक्षकांनीही खूश होऊ नये. शिस्तीत ढिले, असा त्याचा अर्थ.

वस्तूंच्या बाबतीत फारशी अडचण नाही. उशी, लोणी, ताजी रोटी सगळं ‘सॉफ्ट’. जीन्सचं नवं कापड ताठ असतं, धुऊन धुऊन ‘सॉफ्ट’ होतं. पण चहासोबतचं बिस्कीट सादळलं, तरी इंग्रजीत ‘द बिस्किट हॅज गॉन सॉफ्ट’ असंच म्हणतात. सादळण्याला आपल्याकडे वेगळा शब्द आहे, त्यामुळे मुलं इथे अडखळतात.

आम्ही वर्गात विरुद्ध शब्द विचारायला लावतो. गादीचा विरुद्ध ‘हार्ड’, कातडीचा ‘रफ’, आवाजाचा ‘लाउड’. म्हणून ‘सॉफ्ट व्हॉइस’ म्हणजे हळू, शांत आवाज. ‘मऊ आवाज’ नव्हे. पाण्याचं उदाहरण तर घरातच सापडतं. काही बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात, साबणाला फेस येत नाही, भांड्यात पांढरा थर बसतो. ते ‘हार्ड वॉटर’. चटकन फेस येतो ते ‘सॉफ्ट वॉटर’. विज्ञानाच्या पुस्तकात यांनाच दुष्फेन आणि सुफेन म्हणतात. ‘सॉफ्ट ड्रिंक’मध्ये मात्र मऊपणाचा काहीच संबंध नाही. ‘हार्ड ड्रिंक’ म्हणजे कडक दारू, आणि ज्यात दारू नाही ते ‘सॉफ्ट’. लग्नाच्या दस्तरखानावरच्या बाटल्या याच अर्थाने सॉफ्ट.

आपल्याकडे सर्रास चालणारं ‘सॉफ्ट कॉर्नर’ परदेशी माणसाला खटकू शकतं; तो ‘सॉफ्ट स्पॉट’ म्हणतो. आणि ‘सॉफ्टन’ वाचताना ‘ट’ उच्चारायचा नाही, ‘सॉफन’ म्हणायचं. ही चूक आम्हीही बरीच वर्षं केली.