हमालीचा हिशेब

मुंबईच्या दाणाबंदरातील धान्याची पोती आणि लोखंड बाजारातील सळया ज्यांच्या पाठी-माथ्यावरून वखारीत चढत, त्या सातारा-पुणेकडील माणसांचे नाव एकाही पेढीच्या हजेरीपटावर नसे. कारण व्यापाऱ्याच्या लेखी हमाल मुकादमाचा, मुकादमाच्या लेखी टोळीचा, आणि टोळी तर आज या गाळ्यावर, उद्या त्या. लोखंडी आकडा पोत्यात रुतवून दिवसभर थप्पी लावावी आणि सायंकाळी नगावर ठरलेली हमाली मुकादमाने आपला हिस्सा कापून वाटावी, हा शिरस्ता. दुखापत झाली तर फिर्याद गुदरायची कोणाकडे?

सरकार, मालक आणि कामगार यांनी एकत्र बसून मार्ग काढावा, ही कल्पना नवी नव्हती. १९४२ साली दिल्लीत त्रिपक्षीय श्रम परिषद भरली, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. आंबेडकरांकडे होते. परंतु परिषदा बहुधा ठराव करून उठतात. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली या हमालांनी, म्हणजे माथाडींनी, दिलेल्या लढ्यानंतर, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना महाराष्ट्राने १९६९ मध्ये जो माथाडी कायदा केला, त्याने मात्र या तिन्ही पक्षांच्या हाती रोकडीचा व्यवहारच सोपवला. आणि माझ्या मते त्याचे खरे चातुर्य येथेच आहे.

धंद्याधंद्यासाठी मंडळ नेमावे. त्यावर मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समसमान, आणि सरकारचे एकतृतीयांशाहून अधिक नसावेत, म्हणजे सरकारला एकट्याच्या बळावर कोणावर कुरघोडी करता येऊ नये. पेढी आणि हमाल, दोघांचीही नोंदणी मंडळाच्या दप्तरी. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर लेव्ही मंडळात भरावी, मंडळाने मजुरी कामगाराला चुकती करावी, आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, उपदान, रजेचा पगार व औषधोपचार भागवावेत. मालक नक्की कोण, या जुन्या वादामुळे हमालाची मजुरी अडून राहण्याचे कारणच मग उरले नाही. व्यापारी सुखासुखी राजी झाले असे मुळीच नाही. लेव्ही त्यांना खुपली, काहींनी न्यायालयाचे दारही ठोठावले. उलटपक्षी, न केलेल्या कामाची हमाली उकळणाऱ्या तोतया टोळ्यांनी पुढे या कायद्याला जो बट्टा लावला, तोही खरा माथाडी नाकारीत नाही. असंघटित कामगारांच्या सामाजिक सुरक्षेचा केंद्रीय कायदा मात्र माथाडी कायद्यानंतर ३९ वर्षांनी, २००८ मध्ये झाला.