पेटी मूळची कोणाची?

पाळकाच्या वाट्याला दोन प्रकारचे प्रश्न येतात. पहिला प्रकार पाप, तारण, पुनरुत्थान वगैरे. हे वर्षातून दोनदा येतात आणि तेही बहुधा कन्फर्मेशनच्या वर्गातल्या एखाद्या चौकस पोरीकडून. दुसरा प्रकार गाण्यांचा. हे मात्र दर रविवारी. उपासना संपली, दारात हात मिळवत "सलाम, सलाम" चाललेलं असतं आणि चपला घालता घालता कोणीतरी म्हणतं, "पाळकसाहेब, आज गीत फार संथ झालं हो." त्यांच्या मागचे म्हणतात, "आज जरा पळवलंच गीत." दोघेही एकाच गीताबद्दल बोलत असतात! :)

हल्ली या वादात नवीन भिडू आलेत. गिटार, ड्रमसेट, भिंतीवर शब्द दाखवणारा प्रोजेक्टर. तरुणांना ते हवेत. ज्येष्ठांचं म्हणणं एकच, "आपली पेटी आणि आपला तबला काय वाईट आहे?" मला गंमत वाटते ती त्या 'आपली' या शब्दाची. म्हणून म्हटलं, आज प्रवचन नको, थोडा इतिहास उकरूया. (आमच्या मावशी हे वाचत असतील तर त्यांनी शेवटपर्यंत वाचावं, मधेच फोन करू नये.)

आधी पेटीचंच घ्या. हार्मोनियमचं पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये अलेक्झांडर देबँ नावाच्या कारागिराने घेतलं. पायाने भाता मारायचा आणि खुर्चीवर बसून वाजवायचं असं ते वाद्य. मिशनऱ्यांबरोबर आणि साहेबांबरोबर ते हिंदुस्थानात आलं. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी ते मांडी घालून, एका हाताने भाता मारत वाजवता येईल असं करून घेतलं. आणि मग ते इतकं आपलं झालं की कीर्तनात, तमाशात, नाटकात, देवळात आणि देवळाबाहेर सगळीकडे शिरलं.

तरी सगळ्यांना ते आपलं वाटलं नाही. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. कारण काय, तर वाद्य परदेशी, त्याचे स्वर ठोकून बसवलेले, त्यात मींड निघत नाही. ती बंदी १९७१ मध्ये उठू लागली. म्हणजे जी पेटी आम्ही 'देशी' म्हणून गिटारवाल्यांच्या तोंडावर फेकतो, तिला रेडिओने तीस वर्षं विलायती म्हणून दाराबाहेर बसवलं होतं. असो.

आता पेटीच्याही मागे जाऊ. मराठीत ख्रिस्ताची कथा गाण्याजोगी पहिल्यांदा केली ती एका इंग्रजाने. थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले आणि उरलेलं सगळं आयुष्य त्यांनी तिथेच काढलं. त्यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर म्हणजे राशोल इथे छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. लिपी रोमन, पण भाषा मराठी, कोकणीचा हात धरून चालणारी. त्या पुराणातच एक प्रसंग आहे. नवा ख्रिस्ती झालेला एक माणूस पाद्रीला विचारतो की आमची जुनी पुराणं तर तुम्ही बंद केलीत, मग आता आम्ही वाचायचं काय?

मला हा प्रश्न फार मोठा वाटतो. तो माणूस धर्मशास्त्राची शंका विचारत नाही. त्याच्या संध्याकाळी रिकाम्या झाल्या आहेत, त्याची तक्रार तो करतो आहे. आणि स्टीफन्सचं मोठेपण असं की त्यांनी त्याच्यावर लॅटिन लादलं नाही. ओवीच दिली.

गोव्यातून आता नगरला येऊ. (२०२४ पासून अहिल्यानगर, पण आमच्या घरातल्या बोलण्यात अजून नगरच.) अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईत १८१३ ला पोचले आणि नगरला १८३१ च्या डिसेंबरात. त्या पहिल्या मिशनऱ्यांबरोबर बाबाजी रघुनाथ नावाचे ब्राह्मण ख्रिस्ती गृहस्थ होते. पुढे हेन्री बॅलंटाईन आले. ते 'ज्ञानोदय'चे पहिले संपादक. ज्ञानोदय सुरू झाला १८४२ साली, म्हणजे तिकडे पॅरिसला पेटीचं पेटंट निघालं त्याच वर्षी! बॅलंटाईन यांनी गीतंही पुष्कळ केली, इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसवून.

माणूस कष्टाळू होता, प्रश्नच नाही. पण विलायती चालीवर मराठी गाताना काय होतं ते ज्यांनी गायलंय त्यांना ठाऊक आहे. चाल जिथे लांबते तिथे नेमकं आपलं अक्षर ऱ्हस्व असतं आणि जिथे दीर्घ अक्षर येतं तिथे चाल पळत सुटते. गाता येतं, पण बोलणं आणि गाणं यांची फारकत होते. आणि त्या काळी नगर भागातल्या मंडळीत बहुतेक जण महार-मांग समाजातले आणि अक्षरशत्रू. त्यांच्या हातात पुस्तक देऊन उपयोग नव्हता. जे कानाने पाठ होईल तेवढंच त्यांचं शास्त्र.

इथे एका माणसाचं नाव घ्यायलाच हवं, कृष्णराव रत्नाजी सांगळे. १८६० च्या दशकात त्यांनी येशूच्या कथेवर कीर्तनं रचली आणि उभी केली. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ, मृदंग, सगळं रीतसर. ज्या गावांत पाद्र्याचं प्रवचन ऐकायला चार माणसं जमायची मारामार, तिथे कीर्तनाला गाव लोटायचं. विचार करा, तेव्हा मंडळीतल्या एखाद्या सोवळ्या वडीलजनाला काय वाटलं असेल? टाळ-मृदंग म्हणजे तर आपण मागे सोडून आलो ते! आज ड्रमसेटकडे बघून जो चेहरा होतो, तो तेव्हा मृदंगाकडे बघून झाला असणार. हा आपला माझा तर्क, पण पाळकी करून झालेला अनुभव तेच सांगतो.

आणि मग टिळक आले. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत झाला. नंतर ते नगरला राहिले, शिकवलं, १९०४ मध्ये पाळकाची दीक्षा घेतली आणि गीतं तर लिहीतच राहिले. आपल्या उपासना संगीतात त्यांची दोनशेहून अधिक गीतं आहेत. अभंग, पदं, भजनं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो असं ते सांगत. आज 'जुनं ते सोनं' म्हणून आपण जी गीतं डोळे मिटून गातो, त्यातली कितीतरी त्या काळात कोरी करकरीत होती. कोणाला तरी ती पहिल्या रविवारी नक्की खटकली असतील.

टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अर्धवट होतं. जेमतेम दहा-अकरा अध्याय. ते पुढे कोणी नेलं? लक्ष्मीबाईंनी. शाळेचं तोंड न पाहिलेली, लग्नानंतर अक्षरं गिरवलेली ही बाई. सोवळ्या-ओवळ्याच्या घरात वाढलेली, नवऱ्याने धर्म बदलला म्हणून पाच वर्षं होरपळलेली. तिने त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली. लोक 'स्मृतिचित्रे' वाचतात आणि हसतात, रडतात, ते बरोबरच आहे. पण मला त्या चौसष्ट अध्यायांचं जास्त नवल वाटतं. ओव्या कशा करतात हे तिला कोणत्या सेमिनरीत शिकवलं? कुठेच नाही. जात्यावर, अंगणात, देवळात जे कानावर पडलं होतं तेच तिने देवाच्या कामाला लावलं.

आता सांगायचं ते सांगतो. स्टीफन्स, सांगळे, टिळक, लक्ष्मीबाई या चौघांनी वेगवेगळी वाद्यं आणि वेगवेगळे छंद हाताळले. पण गिऱ्हाईक चौघांचं एकच होतं, पुस्तक न उघडणारा माणूस. गाणं त्याच्या घरी, चुलीपाशी, शेतात, आजारपणात बरोबर जावं यासाठी त्यांची सगळी धडपड.

म्हणून ड्रमसेट आपला की परका, या वादात मला फारसा रस नाही. परका तर सगळाच माल होता. चर्च, बाकं, पेटी, इतकंच काय, 'पाद्री' हा शब्दसुद्धा पोर्तुगीज. माझी काळजी निराळी आहे. हॉस्पिटलात आजी-आजोबांना भेटायला जातो तेव्हा पाहतो. डोळ्यांना दिसत नाही, माणसं ओळखू येत नाहीत, पण टिळकांचं गीत सुरू केलं की ओठ हलायला लागतात. कडव्यामागून कडवं, एक शब्द न चुकता. ती गीतं त्यांच्या आत कोणी ओतली? वर्षानुवर्षं केलेल्या रविवारांनी आणि घरच्या संध्याकाळच्या प्रार्थनांनी. आमच्या तरुणांची गाणी सुरेख आहेत, मीही टाळ्या वाजवतो. पण ती दर दोन महिन्यांनी बदलतात आणि शब्द भिंतीवर असतात. चाळीस वर्षांनी ही मुलं खाटेवर असतील तेव्हा प्रोजेक्टर कोण लावणार?

तेव्हा माझा तोडगा साधा आहे. वाजवा काय वाजवायचं ते. ड्रम वाजवा, गिटार वाजवा. फक्त महिन्याला एक गीत असं निवडा, जुनं असो की नवं, जे लहानापासून थोरापर्यंत सगळे पाठ करतील आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी पुस्तक मिटून, पडदा बंद करून म्हणतील. कमिटीपुढे मांडणार आहे. कमिटीला वेळ लागेल, लागू दे. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया करायची बोलणी १९२९ मध्ये सुरू झाली आणि चर्च झालं १९७० मध्ये. त्या हिशेबाने आम्ही घाईतच आहोत. :)

तुमच्याकडे, मग तुम्ही कुठल्याही धर्माचे असा, घरात सगळ्यांना पाठ असलेलं असं एक तरी गाणं आहे का? असेल तर जरूर कळवा. आणि नसेल तर आजच संध्याकाळी एक निवडा.