हप्त्यावर चालणारे संशोधन

संशोधक विद्यार्थ्याचे हाल म्हटले की आपण अवघड विषय, तिरसट मार्गदर्शक आणि जागरणे यांविषयी बोलतो. प्रत्यक्षात प्रबंध बहुधा अडतो पैशापाशी, आणि पैशामागे देणाऱ्याची अट असते. पेशवाईत श्रावणात पुण्याला वाटली जाणारी दक्षिणा कंपनी सरकारने शिक्षणाकडे वळवली. 1821 साली विश्रामबागवाड्यातली पाठशाळा त्यातून निघाली, पुढे कॉलेजांतले दक्षिणा फेलोही त्याच फंडावर जगले. दाता बदलला, मर्जी सांभाळणे सुटले नाही. एल्फिन्स्टन कॉलेजात असताना रानड्यांनी एका निबंधात इंग्रजी राज्यापेक्षा मराठी राज्य उजवे ठरवले, तेव्हा प्राचार्य अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने तोडली.

यावर हमखास उत्तर येते: जिद्द असली की अडत नाही, आंबेडकरांकडे पाहा. पाहूच. 1913 मध्ये बडोदा संस्थानाने त्यांना दरमहा साडेअकरा पौंड दिले, बदल्यात दहा वर्षांच्या नोकरीचा करार. कोलंबियातून ते लंडनला गेले, पण 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. पुस्तके ज्या बोटीने पाठवली ती बुडाली. बडोद्यात नोकरी होती, पण अस्पृश्याला राहायला जागा मिळेना. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, थोडी शिल्लक, शाहू महाराजांची मदत, मित्राकडून कर्ज. असे करत 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला पोचले. रुपयावरच्या प्रबंधात परीक्षकांनी बदल सुचवले तोवर पैसे संपत आले होते. 1923 मध्ये मुंबईला परतून त्यांनी तो सुधारून धाडला. कोलंबियाची पीएच.डी. तर छापील प्रती सादर होईपर्यंत लांबली आणि 1927 मध्ये हाती आली.

बडोद्याला दोष देणे अन्यायाचे होईल. सयाजीरावांनी हात दिला नसता तर यातले काहीच घडले नसते, आणि दिलेल्या पैशाचा हिशेब मागणे गैर नाही. पण काम अजून बाकी असताना मुदतीवर बोट ठेवून हप्ता थांबवला, की जिद्दीतली वर्षे केवळ पैसा जमवण्यात जातात. आंबेडकर तरले ते गरिबीमुळे नव्हे, गरिबी असूनही. त्यांच्यासारखे किती जण वाटेतच थांबले, त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. 2023 मध्ये राज्य सरकारच्या बार्टी या संस्थेच्या फेलोशिपसाठी संशोधक विद्यार्थी मुंबईत आझाद मैदानावर बसले होते. अशांना आंबेडकरांचा दाखला देणाऱ्यांनी आधी 1917 ते 1923 चा हा हिशेब वाचावा.