परीमहाल: पाणी लपवणारी बाग

श्रीनगरला पोस्टिंग असली आणि गावाकडून कुटुंब आलं, की कार्यक्रम ठरलेला: शिकारा, निशात, शालिमार. चष्मेशाहीच्या वर, जबरवान डोंगराच्या उतारावरच्या परीमहालकडे थोडेच वळतात. मला मात्र तीच बाग सर्वांत जवळची वाटली. फुलांमुळे नव्हे, दगडी भिंतींमुळे.

१७व्या शतकाच्या मध्यात शाहजहानचा थोरला मुलगा दारा शुकोह याने ती बांधली. त्याचे गुरू मुल्ला शाह बदख्शी काश्मीरमध्ये राहत. ही जागा अभ्यासासाठी होती, असं परंपरा सांगते. सुमारे ४०० फूट लांबीत डोंगर कापून एकाखाली एक टप्पे काढलेत. आपल्या शेतात ताली असतात ना, तसेच, पण शाही मापाचे. एका टप्प्याच्या भिंतीत ओळीने २१ कमानी आहेत. मधली सर्वांत उंच, दोन्ही बाजूंना उंची उतरत गेलेली.

निशात-शालिमारमध्ये पाणी मिरवतं. इथे पाट नाही, धबधबा नाही. वरच्या टप्प्यावर डोंगराला टेकून हौद आहे. त्यात झऱ्याचं पाणी साठायचं आणि जमिनीखालच्या मातीच्या नळांतून खाली जायचं. उतारावर मोर्चा बांधलेल्या जवानाला याचं मोल कळेल. भिंत गोळीने पडण्याआधी मागच्या ओल्या मातीने पडते. डोंगरात पाण्याची वाट आधी ठरवायची, दगड मग रचायचा.

दाराने १६५७ मध्ये काशीच्या पंडितांच्या मदतीने सुमारे पन्नास उपनिषदं फारसीत आणली. पुढच्याच वर्षी सामूगढच्या लढाईत तो हत्तीवरून उतरला. रिकामी अंबारी पाहून फौज मोडली. पानिपत ठाऊक असलेल्या मराठी माणसाला याहून अधिक सांगायला नको. १६५९ मध्ये औरंगजेबाने त्याला ठार करवलं.

सेनापती म्हणून दारा हरला, यात वाद नाही. पण त्याच्या फारसी उपनिषदांवरून पुढे लॅटिन भाषांतर झालं आणि युरोपला उपनिषदं कळली. आणि साडेतीनशेहून अधिक हिवाळ्यांचं बर्फ झेलून या भिंती अजून डोंगर धरून आहेत. लढाईचा निकाल एका दिवसात लागतो. बांधकामाचा आणि विद्येचा लागायला शतकं जातात.

श्रीनगरला गेलात, तर दल सरोवराचा फोटो काढून लगेच परतू नका. खालच्या टप्प्यावर उतरा आणि वळून त्या कमानींकडे बघा.

जय हिंद.