तळटीप : देशमुखांचा राजीनामा

* चिंतामण द्वारकानाथ देशमुख (१८९६–१९८२). जन्म महाडजवळच्या नाते गावी. १९१८ साली आयसीएस परीक्षेत पहिले; मध्य प्रांत-वऱ्हाडात इंग्रज सरकारची नोकरी, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० मध्ये केंद्रीय अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या प्रश्नावर जुलै १९५६ मध्ये त्यांनी पद सोडले. हयात सरकारी शिस्तीत गेलेल्या माणसाने मंत्रिमंडळाला न विचारता निर्णय घेतल्याबद्दल नेहरूंना भर लोकसभेत सुनावावे, हे विशेषच. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला जोयडा-सुप्याचा मुलूख कारवार जिल्ह्यासह मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. राजीनामा मात्र मुंबईसाठी होता, कारवारसाठी नव्हे. लेखकाने दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या आहेत, वाचकांनी त्या वेगळ्या ठेवाव्यात. — संपादक