खतावणीचे स्थलांतर

ग्रामीण पतव्यवहाराचा इतिहास बहुधा व्याजाचे दर, कर्जाचा बोजा आणि कायदे यांच्या आधारे लिहिला गेला आहे. कर्जाची नोंद कोणत्या वहीत होते, ती वही कोणाच्या ताब्यात असते आणि ऋणकोस ती वाचता येते किंवा नाही, या प्रश्नांकडे त्या मानाने दुर्लक्षच झाले. २९ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीने देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांच्या संगणकीकरणास मान्यता दिली. २,५१६ कोटी रुपयांच्या या योजनेत मेघाधारित, म्हणजे क्लाउडवर चालणारी, एक समाईक आज्ञावली योजिलेली होती. शहापूर-मुरबाडसारख्या तालुक्यांत ज्या संस्थेचे दप्तर एका लोखंडी कपाटात मावत असे, तिच्या खतावणीने गावाबाहेर, किंबहुना कागदाबाहेर, जावे असा हा निर्णय होता. त्यामुळे वरील प्रश्न पुन्हा उपस्थित होतात.

प्रथम शब्दांकडे पाहणे इष्ट होईल. जमा, खर्च, बाकी, वसूल हे शब्द अरबी असून फारसीच्या वाटेने मराठी दप्तरात आले. ‘रोजकीर्द’ हा फारसी होय. व्यवहार घडेल त्या क्रमाने कीर्दीत लिहावयाचा आणि मग तेथून उचलून ज्याच्या त्याच्या खात्यावर न्यावयाचा, या दुसऱ्या क्रियेस ‘खतावणे’ म्हणतात. सर्व खात्यांच्या बाक्या एकत्र मांडून दोन्ही बाजू जुळतात की नाही हे पाहण्याचे साधन म्हणजे तेरीज. येणे रक्कम लिहिताना मात्र मराठीने स्वतःचाच शब्द वापरला : ‘नावे’. ऋणको सावकाराच्या वहीत शिरतो तो केवळ नाव म्हणून; त्याची साक्ष, त्याची सही, त्याची समजूत यांना त्या रकान्यात स्थान नाही. ही व्युत्पत्तीची करमणूक नव्हे. पुढील सारा इतिहास या रकान्याभोवती फिरतो.

या प्रदेशात नोंदींची परंपरा पुरातन आहे. मुरबाडकडून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्याजवळील लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिचा म्हणून ओळखला जाणारा लेख आहे. त्यात यज्ञप्रसंगी दिलेल्या गाई, अश्व, हत्ती व कार्षापण यांची गणना ब्राह्मी अंकांत कोरलेली असून १०,००० व २०,००० या संख्यांचीही चिन्हे आढळतात. ही खर्चाची बाजू झाली; जमेची बाजू राजलेखात नसावी हे स्वाभाविकच आहे.

सावकाराच्या वहीची गोष्ट निराळी. ती त्याच्या घरी असे, मोडीत लिहिलेली असे आणि तिची दुसरी प्रत नसे. घाटमाथ्यावर १२ मे १८७५ रोजी सुपे येथे जो उद्रेक झाला, त्यात जमावाचा रोख प्रामुख्याने कर्जरोखे व हुकूमनामे यांवर होता. जेथे कागद मुकाट्याने हवाली झाले तेथे बहुधा पुढे काही घडले नाही, असे चौकशी आयोगास आढळले. रयतेला माणसाचा नव्हे, नोंदीचा नाश करावयाचा होता. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने यातून नेमका धडा घेतला : धनकोने पावती द्यावी, हिशेबाचा उतारा द्यावा, मागितल्यास पासबुक द्यावे. परंतु तो आरंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चारच जिल्ह्यांपुरता होता. घाटाखालील ठाणे जिल्हा त्यात नव्हता. १९४६ चा मुंबई सावकारी कायदा पुष्कळ पुढचा.

१९०४ च्या कायद्यापासून उभ्या राहिलेल्या सहकारी संस्थांनी वही सावकाराच्या घरातून काढून संस्थेच्या कचेरीत आणली. हा बदल लहान नव्हता, तथापि त्याचा विस्तार संथ होता. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जापैकी सहकाराचा वाटा अवघा ३.१ टक्के भरला. शिवाय एकच गटसचिव अनेक संस्थांची दप्तरे सांभाळी, तेव्हा वही सभासदाची झाली असे म्हणणे धाडसाचे होईल. शहरी बँकांत, डॉ. रंगराजन समितीच्या १९८४ च्या शिफारशींनंतर, शाखेशाखेत खतावणी भरणारी यंत्रे आली. नंतरच्या कोअर बँकिंगने शाखांच्या खतावण्या एका मध्यवर्ती संगणकात विलीन केल्या.

मेघावरील स्थलांतर ही याच मालिकेतील पुढची पायरी. आभासी यंत्राची कल्पना नवी नाही. एका मोठ्या संगणकाचे आज्ञावलीच्या साहाय्याने अनेक भाग पाडून प्रत्येकास स्वतंत्र संगणकाप्रमाणे वागविण्याची युक्ती आयबीएमने १९६० च्या दशकात सिद्ध केली होती. नवीन होते ते अशी यंत्रे तासाच्या भाड्याने देणे. ॲमेझॉनने ते २००६ साली आरंभले. मायक्रोसॉफ्टचे पुण्याचे केंद्र २०१५ मध्ये, तर ॲमेझॉनचे मुंबईचे २०१६ मध्ये सुरू झाले.

बँकेची खतावणी अशा यंत्रावर पुष्कळदा एकाश्म स्वरूपात, म्हणजे सर्व व्यवहार एकाच आज्ञावलीत व एकाच विदासंचात ठेवून, चढविली जाते. हल्ली या बांधणीस जुनाट म्हणण्याची रीत आहे. हिशेबाच्या बाबतीत ती रीत फारशी विचारपूर्वक नाही. सभासदाच्या बचत खात्यातून ५,००० रुपये काढून कर्ज खात्यात भरावयाचे असल्यास दोन नोंदी होतात. पहिली झाली आणि यंत्र बंद पडले, तर रक्कम कोठेच उरत नाही. दोन्ही व्हाव्यात अथवा एकही होऊ नये, ही हमी एका विदासंचात सहज देता येते. अनेक स्वतंत्र सेवांत खतावणी विभागल्यास तीच हमी फार खटपटीने मिळवावी लागते. आणि ती देण्याची पद्धत तरी कोणती? विदासंच प्रथम प्रत्येक बदल क्रमवार नोंदवहीत लिहितो, ती नोंद चकतीवर पक्की झाल्यावरच व्यवहार पुरा झाल्याचे सांगतो, आणि खात्यांच्या तक्त्यांत तो बदल मागाहून उतरवितो. बंद पडलेले यंत्र पुन्हा सुरू झाले की ती वही वाचून अपुरे काम पुरे करतो. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कारकुनास हे समजावून सांगण्याचे कारण पडले नसते. ही आधी कीर्द आणि मग खतावणीच होय.

मात्र कीर्द टिकली पाहिजे. भाड्याच्या यंत्राची स्वतःची चकती यंत्राबरोबर नष्ट होऊ शकते. म्हणून नोंदवही त्यापासून अलग, टिकाऊ साठ्यावर ठेवावी लागते आणि तिची प्रत दुसऱ्या ठिकाणी सतत पोहोचवावी लागते. आज्ञावली बदलावयाची तर ती सबंध बदलते, यास्तव हे काम दिवसअखेरीनंतर करतात. प्रत्यक्ष स्थलांतराची कसोटी तर पूर्णपणे जुनी आहे : जुन्या दप्तराची अखेर शिल्लक ही नव्याची आरंभीची शिल्लक, आणि दोन्हींकडची तेरीज पैशापर्यंत जुळणे.

एकाश्म खतावणीचे भय हिशेबात नाही, तिच्या भोवताली आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ९४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम गेली. तेव्हा हल्लेखोरांनी खतावणीस हात लावला नव्हता, तर एटीएमच्या मागण्यांस मान्यता देणाऱ्या स्विचची तोतया प्रत उभी केली होती. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोर आज्ञावलीचा हल्ला झाला. राष्ट्रीय देयक महामंडळाने त्या कंपनीस आपल्या जाळ्यापासून तात्पुरते तोडले आणि सुमारे ३०० लहान सहकारी व ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे किरकोळ भरणे जोडणी पूर्ववत होईपर्यंत खोळंबले. पूर्वी एका गावचे दप्तर जळाले तर त्या गावाची हानी होई. समाईक यंत्रणेत शेकडो बँका एकाच वेळी अडतात.

दुसऱ्या बाजूस, सभासदाच्या हाती यापूर्वी कधी नव्हते असे काही येऊ शकते. बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट, १८९१ यातील ‘बँकेची वही’ या संज्ञेत माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने यांत्रिक नोंदींचाही समावेश केला. विहित दाखल्यासह काढलेला उतारा न्यायालयात पुरावा ठरतो. वेळेच्या शिक्क्यासह, कोणी केली हे सांगणारी नोंद मागाहून गुपचूप बदलणे कठीण असते, निदान नीट बांधलेल्या यंत्रणेत तरी. तानसा जलाशयाचे पाणी १८९२ पासून मुंबईस जाते आणि काठच्या गावांनी त्याचा हिशेब क्वचितच पाहिला. खतावणी खोऱ्याबाहेर गेल्यावर तिचा उतारा गावात मराठीत व मागताक्षणी मिळणे म्हणूनच महत्त्वाचे. २०२२ च्या योजनेत प्रादेशिक भाषांची तरतूद आहे. तीत ‘डेबिट’ येते की ‘नावे’, हे पाहणे भाषाभ्यासकाचेही काम आहे.

स्थलांतरात सामान्यतः शिल्लका व चालू खाती नेली जातात. फिटलेली, बुडालेली आणि वारसाच्या नावे चढलेली कर्जे जुन्या कीर्दींतच राहतात. शहापूर व मुरबाड तालुक्यांतील संस्थांच्या कपाटांतील या वह्यांची सूची, त्या रद्दीत जाण्यापूर्वी, एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी करावयास हवी.